मागे न घेतलेलं गाऱ्हाणं

बाबांचं बोलणं गेलं आणि आरती तेवढी राहिली. सांगायला हवं ते इथपासूनच, कारण माझा सगळा राग इथून सुरू होतो आणि या वयातसुद्धा तो पुरता विझलाय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्याकडे लकवा मारला असं कुणी म्हणत नाही, अंगावरून वारं गेलं म्हणतात. म्हणजे घरात चुकून खिडकी उघडी राहिली आणि एवढा मोठा माणूस आडवा झाला! बाबा चिरेखाणीवर मुकादम होते. जांभा दगड तासणाऱ्या गड्यांचे ठोके दिवसभर चालायचे आणि त्या ठोक्यांवरून बाबांची हाक समोरच्या सड्यापर्यंत, डोंगरमाथ्यावरच्या कातळापर्यंत जायची. ते दुपारचे जेवायला घरी येत, मागच्या दारी हातापायांची लाल धूळ खळाखळा धूत आणि पाटावर बसता बसता आईला विचारत, "काय केलंयस आज?" दर दुपारी उकड्या तांदळाची पेज नाहीतर कुळथाची पिठी, चुलीत भाजलेला सुका बांगडा असायचा, तरी विचारल्याशिवाय त्यांचा घास सुरू होत नसे. त्या दुपारी ते बसले, विचारायला तोंड उघडलं, आणि विचारलंच नाही. पेजेचा वाडगा हातातून निसटला. आई म्हणाली, "अवो, असा काय करताय?" तेवढ्यात ते भिंतीकडे कलले.

रत्नागिरीच्या दवाखान्यातून घरी आणले तेव्हा उजवा हात, उजवा पाय गेलेला, तोंड थोडं वाकडं, आणि भाषेतला एकच शब्द शिल्लक, 'नाय'. तोही जोडीनं यायचा. नाय नाय. भूक लागली, नाय नाय. पाठीला खाज आली, नाय नाय. पडवीत त्यांची खाट टाकली होती. तिथून ते मला डाव्या हातानं खूण करत, मी धावत जाई. "बाबा, पाणी?" नाय नाय. "उशी सरकवू?" नाय नाय. "आईला बोलवू? गोधडी? पंखा?" नाय नाय, नाय नाय. शेवटी कळायचं की पाणीच हवं होतं. तोंडातून नाय येई आणि मानेनं हो म्हणायला जात तर मानही भलतीकडे वळे. मग ते डाव्या हाताची मूठ खाटेच्या लाकडावर आपटत आणि मी मागच्या पडवीत जाऊन लाकडं फोडायला घेई. लाकडं फोडायची गरज असो नसो. त्या वर्षी आमच्याकडे जळणाची कधी वाण पडली नाही.

आणि तिन्हीसांजेला काय व्हावं? घरी आल्यावरची पहिलीच संध्याकाळ. आईनं देवापुढे दिवा लावला, निरांजन पेटवलं, घंटा वाजवली आणि बारीक आवाजात आरती सुरू केली. आईचा सूर म्हणजे काय सांगू, कोंबडं बरं म्हणायची वेळ. आणि पडवीतून बाबांचा आवाज आला. खणखणीत! शब्दन् शब्द स्पष्ट, कुठं अडखळ नाही, ओळीमागून ओळ. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली. मी धावत पडवीत गेले, म्हटलं सुटली जीभ. आरती संपल्यासंपल्या त्यांचा हात धरला आणि विचारलं, "बाबा, बरं वाटतंय?" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "नाय नाय."

शेजारची भिकीकाकू उंबऱ्यात उभी होती. तिनं दोन्ही हात जोडले नि म्हणाली, "देवाची करणी गो बाय! बोलणा नेलान, पण आपला नाव तेवढा ठेवलान." मला अस्सा संताप आला! देवाची करणी म्हणे. आपल्या स्तुतीपुरती जीभ ठेवायची आणि माणसाला घोटभर पाण्याला महाग करायचं, याला करणी म्हणायची की आपमतलबीपणा? डॉक्टरांनी नंतर समजावलं, की पाठ झालेलं, चालीवरचं मेंदूत निराळ्या जागी असतं, बोलणं निराळ्या जागी. असं पुष्कळांचं होतं. ठीक आहे, असेल. पण डॉक्टरांच्या त्या निराळ्या जागा कुणी केल्या? त्यानंच ना? तेव्हा मी माझा राग डॉक्टरांवर काढला नाही, जिथं काढायचा तिथंच काढला.

मी होते शाळा सुटायच्या वयाची, घरातली एकुलती एक, तोंडाची टकळी रात्रंदिवस चालू. बाबांशी मी इतकं बोलायची की आई म्हणे, "त्यांना घास तरी गिळू दे." आणि आता मी बोलायची नि भिंत ऐकायची. मला त्यांच्याकडून एकच हवं होतं, फार नाही. त्यांनी मला एकदा नावानं हाक मारावी. वासंती. तीन अक्षरं. आरतीतले ते लांबलांब जोडशब्द लीलया म्हणणाऱ्या माणसाला तीन अक्षरं जड नव्हती. मी नाना खटपटी केल्या. आरती ऐन रंगात असताना मध्येच घुसून विचारलं, "बाबा, माझं नाव काय?" ते थांबले, गोंधळले, नाय नाय म्हणाले आणि पुढची ओळ हरवून बसले. मग मी आरतीच्याच चालीवर माझं नाव बसवून गाऊन दाखवलं. बाबा हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, पण म्हणेनात. आईनं आतून ओरडून विचारलं, "देवाची थट्टा चालवलीस काय गो?" मी म्हटलं, "त्यानं आमची चालवलीय ती?"

त्यानंतर मी आरतीला उभं राहणं सोडलं. दिवेलागण झाली की मागच्या दारी केळीखाली जाऊन बसायची. आईनं चार-पाच दिवस चालू दिलं. मग एके संध्याकाळी हातात घंटा घेऊन बाहेर आली. "आत चल."

"मी नाही येणार. काय दिलंन देवानं आपल्याला?"

"ता मला इचारू नको, त्याला इचार."

"विचारते की रोज. बोलतो कुठं?"

"मग त्याच्या समोर जाऊन इचार. भांडान असला तरी समोर उभा ऱ्हावा लागता. हयसर बसून कोणाशी भांडतेस, केळीशी?" आणि माझ्या हातात घंटा कोंबून ती आत गेली सुद्धा. मी उठले. देवासमोर उभी राहिले, घंटा बडवली. भक्तीनं नव्हे, अगदी दातओठ खाऊन. घंटेला काय, कशानंही वाजवली तरी वाजते.

आता मागे बघताना एक गोष्ट लक्षात येते ती तेव्हा रागाच्या धुरात दिसली नव्हती. आई पूर्वी आरती कशी उरकायची! चुलीवर भात करपेल म्हणून दोन आरत्यांत गाशा गुंडाळायची. बाबा लांबवायला लागले की डोळे वटारायची. आणि त्या वर्षी तीच आई एक संपली की म्हणे, "आणखी एक म्हणूया." दत्ताची. मग विठोबाची. मग ज्याची आरती आमच्या घरात कधी म्हटली नव्हती अशा कुठल्या देवाची. भात खुशाल करपायचा. आम्ही कितीतरी दिवस करपट भात खाल्ला आणि मी त्यावरूनही कुरकुर केली.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगते. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पालखी घरात बसली, ओटी भरली, नारळ ठेवला की घरच्यांच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालायचं. मोठ्यानं, एका ठरलेल्या सुरात, या घरात कोण कोण आहे आणि कुणाला काय हवंय ते. प्रत्येक मागण्यामागं जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या व्हयशिवाय गाऱ्हाणं पुढं सरकत नाही. आमच्या वाडीत हा मान बाबांच्या घराकडे. पालखीबरोबर ते दारोदार फिरत आणि प्रत्येक घरातली नावं, अडीअडचणी त्यांना तोंडपाठ असत. आणि त्यांच्या आज्यापासून चालत आलेला एक दंडक होता, की एकदा देवीसमोर घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं नाही. नवीन वाढवायचं, जुनं काढायचं नाही. काढलं म्हणजे देवीला, आता तुझी गरज सरली असं सांगितल्यासारखं होतं. त्यामुळे एकेका घरचं गाऱ्हाणं लांबत चाललेलं. भिकीकाकूच्या सासऱ्याची म्हैस कधीकाळी सड्यावर हरवली होती. ती दुसऱ्या दिवशी आपणहून परत आली, पुढं व्याली, म्हातारी होऊन मेली, सासराही गेला, तरी दर शिमग्यात बाबा देवीला म्हणत, "ह्या घरची म्हस सापडून दे म्हाराजा," आणि अख्खी वाडी गंभीरपणे म्हणे, "व्हय म्हाराजा."

माझी म्हैस म्हणजे माझी वाचा. लहानपणी मी म्हणे फार उशिरा बोलले. बरोबरीची पोरं गाणी म्हणायला लागली तरी मी मुकीच. तेव्हा बाबांनी आमच्या घरच्या गाऱ्हाण्यात घातलं, "वासंतीला वाचा दे म्हाराजा." पुढं मला वाचा आली, आणि अशी आली की शाळेत बाई मला खडूचा तुकडा फेकून मारत. पण दंडक म्हणजे दंडक. दर वर्षी पालखी आमच्या घरी आली की बाबा आधी आपलं नाव घेत. मग "घरची अस्तुरी सुमती" म्हणत. वर्षातून तेवढा एकदाच ते आईचं नाव घेत, आणि आई दाराआड पदर तोंडात धरून उभी असे. आणि मग माझं यायचं, वासंतीला वाचा दे. झालं, सगळी वाडी फिस्सकन हसायची. "आवरता आवरंना, नि आणखी वाचा मागतोय!" तात्या, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, मुद्दाम सगळ्यात मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दर वर्षी मी बाबांच्या विनवण्या करायची, तेवढं एक वगळा हो. बाबा म्हणत, "मागं नाय घेत गो बाय ता."

त्या फाल्गुनात मी आईला साफ सांगितलं, पालखी आपल्याकडे नको. म्हटलं, बाबा पडलेत, घरात करणारं कुणी नाही, तात्यांना सांगूया यंदा बाहेरूनच न्या. खरं कारण ते नव्हतं. ज्या देवीसमोर या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या म्हशी मागितल्या, तिनं त्याचंच तोंड बंद करावं आणि वर मी तिची ओटी भरू? आई भाजीला कोवळ्या फणसाची कुयरी चिरत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "पालखी येणार. खळा सारवायला घे." मी घरापुढचं खळं सारवलं. इतकं दात खाऊन सारवलं की खळ्याला भोकं पडायची राहिली.

सकाळची उन्हं वर आली तशी खालुबाजाचे ढोल आणि सनई ऐकू यायला लागली. बाबा खाटेवर ताठ व्हायची धडपड करत होते. आम्ही त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, आईनं त्यांच्या डोक्यावर स्वच्छ टोपी घातली. पालखी नाचत खळ्यात आली, पडवीत त्यांच्या खाटेजवळच बसवली. आईनं ओटी भरली. मी नारळ घेऊन उभी, तोंड फुगवून. गाऱ्हाणं आता तात्यांकडे आलं होतं. तात्या मनानं सरळ माणूस, पण या घरात, या खाटेसमोर त्यांना ते अवघड जात होतं. त्यांनी घाईनं सुरू केलं, बाबांना बरं कर म्हणाले, लेकराबाळांना सुखी ठेव म्हणाले, चुकलंमाकलं पदरात घे म्हणाले आणि संपवलं. आईचं नाव नाही, माझं नाव नाही, वाचेची गोष्ट तर नाहीच. मुक्या माणसासमोर वाचा कशी मागायची, असं त्यांना वाटलं असणार. मी मनात म्हटलं, सुटले. पालखी उचलायला माणसं वाकली.

आणि खाटेवरून आवाज आला. तोच खाणीवरचा आवाज. "बा देवी म्हाराजा..." उचलणारे होते तसे थांबले. बाबा पालखीकडे बघत होते, डावा हात कपाळाशी नेलेला. "आज तुझ्या पायाशी नारळ ठेवून ह्या घरचा गाऱ्हाणा घालतंय, ता ऐकून घे म्हाराजा." कुणालातरी भान आलं, तो म्हणाला, "व्हय म्हाराजा." बाबांनी आपलं नाव घेतलं. स्वतःसाठी दर वर्षी मागत तेच मागितलं, खाणीवरच्या गड्यांच्या हातापायांना इजा नको. व्हय म्हाराजा. "घरची अस्तुरी सुमती, तिच्या कुकवाला बळ दे म्हाराजा." आई दाराआडून बाहेर आली होती, सगळ्यांसमोर, पदर-बिदर काही नाही, नुसती बघत उभी. व्हय म्हाराजा.

"वासंतीला वाचा दे म्हाराजा."

कुणी हसलं नाही. कुणी व्हयही म्हटलं नाही. तात्यांनी तोंड फिरवलं होतं, त्यांचे खांदे हलत होते. ढोलवाला ढोलाकडे बघत होता. व्हय आल्याशिवाय बाबांना पुढं जाता येईना. ते थांबले, वाट बघितली, आणि परत तेच म्हणाले, आणखी मोठ्यानं, "वासंतीला वाचा दे म्हाराजा." मी नारळ छातीशी धरून उभी. इतके महिने ज्या तीन अक्षरांसाठी जीव टाकला ती कानात पडली होती आणि माझ्याच घशातून आवाज निघत नव्हता. बाबा तिसऱ्यांदा म्हणणार, तेवढ्यात कसाबसा निघाला. "व्हय म्हाराजा." आणि तो निघाला तो थांबेचना. मी पालखीकडे तोंड करून, भांडायला उभं राहावं तशी ओरडले, "आणि बाबांना वाचा दे म्हाराजा! ऐकतेस काय? बाबांना वाचा दे!"

पोरीबाळींनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आणि दारातून आई म्हणाली, तिच्या त्या बेसूर, चिरक्या, मोठ्या आवाजात, "व्हय म्हाराजा!" मग तात्या म्हणाले. मग सगळी वाडी म्हणाली. बाबांनी राहिलेलं चुकलंमाकलं पदरात घे म्हटलं आणि गाऱ्हाणं रीतसर पुरं केलं. पालखी उठली, ढोल वाजले, माणसं भिकीकाकूच्या म्हशीकडे गेली. मी खाटेवर जाऊन आदळले. "बाबा, परत म्हणा. वासंती म्हणा. म्हणा ना, आत्ता तर म्हणालात!" बाबांनी माझ्या तोंडावरून डावा हात फिरवला. त्यांचे ओठ हलले, खूप हलले.

"नाय नाय," ते म्हणाले.

असं वाचलं की लोकांना वाटतं आता पुढं चमत्कार येणार. नाही आला. दुसऱ्या दिवसापासून मी आरतीनंतर रोज घरचं गाऱ्हाणं घालायला लावलं. मी सुरुवात करून द्यायची, "बा देवी म्हाराजा", की बाबा धरायचे आणि शेवटपर्यंत न्यायचे. त्यात आईचं नाव यायचं, माझं यायचं. मग मी माझं मागणं घालायची नि आई व्हय म्हणायची. लोक म्हणत, पोरगी काय देवभोळी निघाली! देवभोळी कसली, कप्पाळ. माझं नाव ऐकायला दुसरी वाट नव्हती. बाबांच्या तोंडून मला जे काही मिळायचं ते देवाच्या दारावरूनच यायचं, थेट कधी नाही, आणि याचा मला रोज राग यायचा, आणि रोज मी त्या दारात जाऊन उभी राहायची. बाबा पुढं काही वर्षं जगले. पाणी त्यांनी शेवटपर्यंत नाय नाय म्हणूनच मागितलं.

आता मी रत्नागिरीत मुलाकडे असते. तिन्हीसांजेला दिवा लावते, आरती म्हणते, मग गाऱ्हाणं घालते, सगळं, जुन्यासकट. गड्यांच्या हातापायांना इजा नको. खाण कधीच बंद पडली. सुमतीच्या कुकवाला बळ दे. आईही गेली. वासंतीला वाचा दे. आणि शेवटी, बाबांना वाचा दे म्हाराजा. माझी सून सातारकडची, सरळ बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा एकदा तिनं विचारलं, "आई, ते तर जाऊन किती वर्षं झाली. आता वाचा कशाला मागायची?" मी तिला सांगितलं, घातलेलं मागे घ्यायचं नसतं. आणि देवानं अजून दिलेलं नाही, तेव्हा मी कशाला सोडू? हल्ली माझं शेवटचं मागणं झालं की स्वयंपाकघरातून, पोळ्या लाटता लाटता, तिच्या त्या घाटावरच्या हेलात हलकेच येतं, "होय महाराजा."

मी चिडते. "मोठ्यानं म्हण गो," मी म्हणते. "त्याला कमी ऐकू येतं."